दारू सोडतानाचे पहिले चार दिवस: नाशिक जिल्हा प्रशासनास खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, मा. जिल्हा शल्यचिकित्सक, मा. पोलीस आयुक्त, मा. पोलीस अधीक्षक (ग्रामीण) आणि मा. महापालिका आयुक्त, नाशिक.

विषय: दारू अचानक बंद झाल्याने होणारे मृत्यू टाळण्यासाठी खाटा, औषधे आणि विचारपूस यांची व्यवस्था करण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिक रोडजवळच्या शिंदे गावात मुंबई पोलिसांनी एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाचा, कारखाना पकडला. सुमारे 300 कोटींचा माल असल्याच्या बातम्या आल्या आणि तेव्हापासून नाशिकमध्ये व्यसन म्हटले की छापे, जप्ती, शाळांतली व्याख्याने आणि शपथा एवढेच डोळ्यांपुढे येते. ती कामे चालूच राहावीत. पण जिल्ह्यातली सर्वांत जास्त घरे मोडणारी वस्तू परवान्याच्या दुकानात राजरोस मिळते. आणि ती पिणारा माणूस ज्या दिवशी ‘आजपासून बंद’ म्हणतो, त्या दिवसापासून पुढचे चार दिवस त्याच्या जिवाला सर्वांत जास्त धोका असतो. या चार दिवसांसाठी आपल्या यंत्रणेत आज ठरवून केलेली सोय नाही. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात 10 ते 75 वयोगटातले सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि त्यांतले जवळपास 2 कोटी 90 लाख दारूवर पूर्णपणे अवलंबून आहेत. अशा 38 जणांतल्या एकालाच कसलातरी उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार घेणारा 180 जणांत एक. उरलेले कधीच थांबत नाहीत, असे मात्र नाही. ते थांबतात, पण आपापले, घरात, कोणालाही न विचारता.

नाशिकमध्ये हे थांबणे कधी घडते, याचे वेळापत्रक सगळ्यांना माहीत आहे. आषाढ अमावास्येला शेवटची पार्टी होते आणि दुसऱ्या दिवशी श्रावण पाळायला सुरुवात होते. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर निघताना माळ घातली जाते. नवरात्रात सप्तशृंगी गडावर अनवाणी जायचे म्हणून घटस्थापनेला बाटली फुटते. मतदानाआधीच्या 48 तासांत दुकाने बंद असतात. मार्च 2020 च्या टाळेबंदीत दारूची दुकाने एका रात्रीत बंद झाली आणि देशभरच्या दवाखान्यांत फिट आलेले, भ्रमिष्ट झालेले रुग्ण वाढले. यात श्रद्धेला बोल लावण्यासारखे काही नाही. कित्येकांची दारू माळेनेच सुटली आहे. मात्र रोज एक क्वार्टर रिचवणारा आणि लग्नात दोन पेग घेणारा, या दोघांनी एकाच दिवशी एकाच पद्धतीने सोडून चालत नाही.

रोजची क्वार्टर म्हणजे नेमके किती, हेही पाहू. बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेले असेल तर 180 मिलीमध्ये सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. 10 ग्रॅमचे एक माप धरले तर सहा मापे. स्ट्राँग बिअरची 650 मिलीची एक बाटली चार मापांच्या घरात जाते, त्यामुळे ‘मी फक्त बिअर घेतो’ या उत्तरावर विसंबू नये. अल्कोहोल मेंदूला रोज मंदावते आणि मेंदू तेवढ्याच ताकदीने उलट्या बाजूला ओढत राहतो. रस्सीखेचीत समोरच्या संघाने एकदम दोर सोडला की दुसरा संघ कोसळतो, तसे दारू थांबल्यावर मेंदूचे होते.

क्रम ठरलेला असतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, मळमळते, छाती धडधडते, झोप लागत नाही. पहिल्या 48 तासांत, बहुतेक वेळा 12 तासांनंतर, फिट येऊ शकते. आयुष्यात कधी फिट न आलेल्यालाही येते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही रुग्णांना भ्रम होतो: भिंतीवर मुंग्या दिसतात, कोणी बोलावते आहे असे वाटते, दिवस-रात्र कळत नाही, गोधडीवरचे नसलेले किडे बोटांच्या चिमटीत धरून बाजूला टाकणे तासन्तास चालते. सोबत ताप, वाढलेला रक्तदाब आणि वेगवान नाडी. या अवस्थेला डॉक्टर ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. ती सगळ्यांना होत नाही. पण ज्याला होते त्याला उपचार न मिळाल्यास जीव जाण्याची भीती मोठी असते, आणि वेळेत उपचार मिळाल्यास मृत्यूचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत येते. या दोन शक्यतांमध्ये अंतर आहे ते एक खाट, एक जागती परिचारिका आणि तीन-चार स्वस्त औषधांचे.

घरात मात्र याचा अर्थ वेगळा लावला जातो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागात ‘बाहेरचं झालंय’ म्हणून आधी भगताकडे नेतात. शहरात ‘नाटकं करतोय, प्यायला मिळावी म्हणून’ म्हणत खोलीला बाहेरून कडी लावतात. फिट आली तर शेजारचा कोणी अनुभवी माणूस सांगतो, ‘एकदम सोडली म्हणून झटका आला, थोडी पाजा.’ पाजल्यावर थरथर थांबतेही. मग घरात, गल्लीत आणि त्या माणसाच्या मनात एकच गोष्ट कायमची बसते: हा दारू सोडू शकत नाही, सोडली तर मरेल. शिवाय अशी अर्धवट सोडलेली प्रत्येक खेप पुढची खेप आणखी अवघड करते. पहिल्या वेळी नुसता घाम आला असेल, तर चौथ्या-पाचव्या वेळी फिट येऊ शकते.

म्हणून आमची पहिली मागणी: पंधराही तालुक्यांत, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, दोन खाटा या कामासाठी राखीव असाव्यात. शहरात जिल्हा रुग्णालयाबरोबर महापालिकेच्या बिटको आणि झाकीर हुसेन रुग्णालयांतही असाव्यात. वेगळा वॉर्ड नको, वेगळी पाटीही नको. पाटी लावली की लोक येत नाहीत. नर्सिंग स्टेशनसमोरच्या, रात्री मंद दिवा चालू ठेवता येईल अशा दोन खाटा पुरतात. पूर्ण अंधारात भ्रम वाढतो, म्हणून दिवा. रुग्णाला ओळखणारे घरचे एक माणूस सोबत असावे. पहिल्या दिवशी दर दोन ते चार तासांनी थरथर, घाम, नाडी, रक्तदाब, ताप आणि भान यांची नोंद व्हावी. त्यासाठी सीआयडब्ल्यूए नावाची दहा प्रश्नांची गुणपत्रिका जगभर वापरतात आणि परिचारिकेला ती पाच मिनिटांत भरता येते. गुण आठ-दहाच्या खाली असतील तर बहुधा नुसती देखरेख पुरते, पंधराच्या वर गेले तर धोका मोठा.

औषधांत मुख्य आहे मेंदूला शांत करणारा बेंझोडायझेपिन गट: क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम, आणि यकृत खराब असेल किंवा वय जास्त असेल तर लोराझेपाम. पहिल्या दिवशी लक्षणे आटोक्यात येतील एवढा डोस द्यायचा आणि पुढे पाच ते सात दिवसांत रोज कमी करत बंद करायचा. इथे दोन चुका सारख्या होतात. डोस भीतीपोटी इतका कमी दिला जातो की फिट येतेच; किंवा रुग्ण आरडाओरडा करतो म्हणून नुसते हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन देऊन त्याला गप्प केले जाते. हे औषध एकटे दिले तर फिट येण्याची शक्यता उलट वाढते.

आता सलाइनबद्दल, कारण सर्वांत टाळता येण्याजोगे नुकसान इथे होते. दारुड्या माणसाच्या शरीरात थायामिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-वन, जवळजवळ संपलेले असते. तो जेवत नाही आणि जे खातो त्यातले आतड्यातून नीट शोषले जात नाही. ग्लुकोज वापरण्यासाठी पेशींना थायामिन लागते. अशा माणसाला अशक्तपणा आला म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात आधी ग्लुकोजची बाटली लावली, तर उरलेसुरले थायामिनही त्यात खर्ची पडते आणि मेंदूच्या काही ठरावीक भागांना इजा होते. लक्षणे तीन: डोळ्यांची बुबुळे थरथरतात किंवा एका बाजूला वळत नाहीत, चालताना पाय फाकवून तोल सांभाळावा लागतो, आणि गोंधळ उडतो. तिन्ही एकत्र दिसतीलच असे नाही, आणि दिसली तरी ‘अजून उतरली नाही’ म्हणून सोडून दिली जातात. वेळ गेली की स्मृती कायमची जाते. असा माणूस तुम्हाला लग्नाची तारीख बिनचूक सांगतो, पण सकाळी कोण भेटायला आले होते ते त्याला दुपारी सांगता येत नाही. पंचेचाळिशीचा कमावता माणूस मग जन्मभर कोणाच्या तरी देखरेखीखाली राहतो.

टाळण्याची रीत साधी आहे: आधी थायामिनचे इंजेक्शन, मग ग्लुकोज. दाखल होणाऱ्या प्रत्येक पिणाऱ्याला पहिले काही दिवस थायामिन शिरेतून किंवा स्नायूत, नंतर 100 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा. वर सांगितलेल्या तीनपैकी एकही लक्षण दिसले तर 500 मिलिग्रॅम, 100 मिली नॉर्मल सलाइनमध्ये, अर्ध्या तासात, दिवसातून तीन वेळा. जीवनसत्त्वांचे पिवळे सलाइन लावले म्हणजे बी-वन गेलेच, असे धरू नये. त्यातले प्रमाण या कामाला बहुधा अपुरे असते. रक्तातली साखर धोकादायक पातळीवर उतरली असेल तर ग्लुकोज थांबवायचे नाही, दोन्ही एकदम द्यायचे. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम तपासावे, कारण मॅग्नेशियम कमी असेल तर थायामिन देऊनही काम करत नाही. थायामिनची इंजेक्शने प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साठ्यात असावीत आणि ‘आधी बी-वन’ हे दोन शब्द इंजेक्शनच्या ट्रेवर लिहिलेले असावेत.

अस्थिरोग आणि शस्त्रक्रिया विभागांना एक खास विनंती. मुंबई-आग्रा महामार्गावर दुचाकीवरून पडून मांडीचे हाड मोडलेला माणूस सोमवारी दाखल होतो. मंगळवारी शस्त्रक्रिया व्यवस्थित होते. बुधवारी रात्री तो लघवीची नळी उपसून काढतो, मोडका पाय टेकवून उभा राहतो आणि ‘मला कामाला जायचंय’ म्हणून ओरडतो. त्याला खाटेला बांधले जाते आणि मनोविकार विभागाला चिठ्ठी जाते. त्याने शेवटचा घोट कधी घेतला होता, हे सोमवारी कोणी विचारलेलेच नसते. केसपेपरवर ‘ॲलर्जी’च्या खाली चार प्रश्न छापले तर हे टळेल: रोज किती घेता? शेवटची कधी घेतली? सकाळी उठल्यावर उतारा लागतो का? पूर्वी बंद केल्यावर फिट किंवा भ्रम झाला होता का? चारांत तिसरा प्रश्न सर्वांत कामाचा. ‘किती’ला लोक अर्धे सांगतात, पण उताऱ्याबद्दल सहसा खोटे बोलत नाहीत. आणि उलट बाजूचीही काळजी हवी: पिणाऱ्याचा प्रत्येक गोंधळ दारूचाच नसतो. डोक्याला मार, दोन बाहुल्यांचा आकार वेगळा, एका बाजूचे हात-पाय ढिले, असे काही असेल तर सीटी स्कॅनला उशीर नको.

पोलीस आयुक्त आणि पोलीस अधीक्षक, हेच चार प्रश्न कोठडीच्या नोंदवहीतही हवेत. अटक झालेल्या माणसाची दारू त्याच क्षणी बंद होते आणि धोक्याचा काळ कोठडीच्या पहिल्या दोन-तीन रात्रींतच येतो. ठाणे अंमलदाराला डॉक्टर व्हायला नको. आरोपीला दोन्ही हात पुढे करून बोटे पसरायला सांगायचे, थरथर दिसते का बघायचे, कपाळावर घाम आहे का बघायचे, वार आणि जागा विचारायची. दर चार तासांनी हे पुन्हा करून वेळेसह लिहायचे. थरथर वाढत असेल, फिट आली असेल किंवा उत्तरे असंबद्ध येत असतील तर लगेच रुग्णालय. अशा वेळी ‘नाटक’ हा शब्द नोंदवहीत येऊ नये. नाशिक रोड कारागृहात नव्या बंद्याची तपासणी होते, तेव्हाही हे प्रश्न हवेत, कारण न्यायालयातून येईपर्यंत त्याचा दुसरा किंवा तिसरा दिवस उजाडलेला असतो.

मालेगावबद्दल वेगळे लिहावे लागते. तिथे ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकली जाते ती बहुधा अल्प्राझोलाम, म्हणजे वर सांगितलेल्या उपचाराच्याच गटातले औषध. म्हणून ती अचानक बंद केली तरी फिट येते, आणि दारूपेक्षा ती कमी करायला वेळ जास्त लागतो: आठवडे, कधी महिने. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावून झोपेतच माणूस जातो. हे औषध 2014 पासून शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या यादीत आहे. विक्रेत्याने डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. अन्न व औषध प्रशासनाने ही वही नुसती ‘आहे का’ एवढे पाहू नये; घाऊक खरेदीच्या बिलांशी ताळा करून पाहावी. गोळ्या आल्या किती आणि वहीत उतरल्या किती, यातला फरक त्याच दुकानात बसून काढता येतो. मात्र एखाद्या भागातला पुरवठा तोडणारी मोठी कारवाई करण्याआधी तिथल्या रुग्णालयाला कळवा. पुढच्या आठवड्यात तिथे फिटचे रुग्ण येणार असतात.

एमडीचे स्वरूप आणखी निराळे. ते सोडताना अंग थरथरत नाही, फिट सहसा येत नाही, म्हणून घरच्यांना वाटते सुटले. पण काही दिवस माणूस नुसता झोपतो आणि नंतर जी खिन्नता येते तिच्यात आत्महत्येचे विचार प्रबळ असतात. त्या काळात त्याला एकटे ठेवू नये. अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याचे कलम 64-अ सांगते की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण करत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. हे कलम तपास अधिकाऱ्याने पहिल्याच दिवशी आई-वडिलांना सांगावे. पोलिसांच्या भीतीने मूल लपवून ठेवणारी घरे आपल्याच शहरात आहेत.

खासगी व्यसनमुक्ती केंद्रांविषयी स्पष्टच लिहितो. चांगली केंद्रे आहेत आणि त्यांच्याशिवाय जिल्ह्याचे चालणार नाही. पण रात्री गाडी पाठवून माणसाला उचलून नेणारी, मोबाइल काढून घेणारी, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेऊन भेट नाकारणारी आणि ‘इथे औषध देत नाही, मनाच्या ताकदीने सोडवतो’ असे अभिमानाने सांगणारी ठिकाणेही चालतात. पहिल्या चार दिवसांत औषध नाकारणे म्हणजे फिट येण्याची वाट पाहणे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 व्यसनालाही लागू आहे. त्यानुसार आस्थापनेची नोंदणी हवी, साखळीने बांधणे पूर्ण निषिद्ध आहे, आणि रुग्णाच्या संमतीशिवाय नातेवाइकांच्या अर्जावर दाखल करायचे तर तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर आणि सुरुवातीला जास्तीत जास्त 30 दिवसांसाठीच. तपासणी पथकाने कार्यालयात बसून चहा घेण्याऐवजी तीन गोष्टी मागाव्यात: रात्रपाळीच्या डॉक्टरचे हजेरीपत्रक, गेल्या महिन्यात दाखल झालेल्यांचे पहिल्या चार दिवसांचे नाडी-रक्तदाबाचे तक्ते, आणि थायामिनची खरेदी-बिले. बिलेच नसतील तर पुढचे विचारायची गरज नाही. नोंदणी असलेल्या केंद्रांची यादी जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर आणि प्रत्येक ठाण्याच्या फलकावर लावावी.

‘पिणाऱ्याला न कळू देता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतीभिंतींवर आहेत. काही घरांत औषधाच्या दुकानातून आणलेली डायसल्फिरामची गोळी भाजीत कुस्करून घातली जाते. हे औषध चांगले आहे, पण ते माहीत असलेल्या, संमती दिलेल्या आणि हृदय-यकृत तपासलेल्या माणसासाठी. नकळत खाल्लेल्या गोळीवर त्याने दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, धाप लागते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि जीवही जाऊ शकतो. गोळी थांबवल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहतो. ती बाई नवऱ्याच्या वाईटावर नसते; तिला सरकारी दवाखान्यात जायचे दार कोणी दाखवलेले नसते. आशाताईंना हे एवढे सांगायला शिकवले तरी काही जीव वाचतील.

चार दिवस संपले की काम सुरू होते, संपत नाही. नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट यांसारखी ओढ कमी करणारी औषधे काही महिने, ठरलेल्या वारी बाह्यरुग्ण तपासणी, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा, घरच्यांचे समुपदेशन. सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखानदारांनी उपचारासाठीची आठवडाभराची रजा आजारपणाची रजा म्हणून मान्य करावी, असे पत्र आपल्या सहीने गेले तर त्याला वजन येईल. तूर्त 14446 हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय आणि 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा, असे दोन्ही विनामूल्य क्रमांक दारूच्या दुकानांच्या दर्शनी भागात, दरफलकाइतक्या मोठ्या अक्षरांत लावता येतील. त्यासोबत एक ओळ: ‘सकाळी हात थरथरत असतील तर एकदम सोडू नका, आधी दवाखान्यात या.’

हे सगळे येत्या आषाढ अमावास्येच्या आत उभे राहू शकते. खाटा आहेत, औषधे शासनाच्या यादीत आहेत, कर्मचारी आहेत. प्रशिक्षण दोन तासांचे आहे. परिचारिकांसाठी गुणपत्रिका, ठाणे अंमलदारांसाठी चार प्रश्नांचा तक्ता आणि आशाताईंसाठी एक पानी माहिती आम्ही मराठीत तयार करून देऊ, आणि तालुक्याच्या ठिकाणी येऊन विनामोबदला शिकवू. आपण दिवस आणि जागा कळवावी.

आपले,
नाशिक जिल्ह्यात व्यसनोपचाराचे काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक